फोडणीवांचून

पाकशास्त्रावर ज्यांनीं ग्रंथ लिहिले त्यांच्याविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु घरोघरच्या चुलीचा कारभार त्या ग्रंथांच्या आधारें चालतो असें आम्हांस कधींच वाटलेलें नाहीं. ग्रंथांत प्रमाण दिलेलें असतें आणि घरांत नेमका तोच जिन्नस संपलेला असतो. रात्रीं उरलेली पोळी सकाळीं कुस्करून तिला फोडणी देणारी, शिळा भात दह्यांत कालवून वर सांडगी मिरची चुरणारी, तीन डब्यांच्या तळाशीं उरलेल्या तीन पिठांत कालची भाजी मळून थालीपीठ थापणारी गृहिणी कोणत्या ग्रंथाचें पान उघडून बसलेली असते? तिच्यापुढें प्रश्न दोनच असतात: फडताळांत काय आहे, आणि पानावर कोण बसणार आहे. आमच्या मतें पाकशास्त्राची सारी प्रगति या दोन प्रश्नांच्या भांडणांतून झालेली आहे.

कित्येक सद्गृहस्थांस हें म्हणणें रुचणार नाहीं. विजोड जिन्नस एका भांड्यांत आणणें हा त्यांस जिभेचा स्वैराचार वाटतो, आणि आपल्या पूर्वजांचा आहार कसा शुद्ध व मर्यादशील होता हें सांगतांना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतें. अशा सद्गृहस्थांनीं येत्या एकादशीस आपल्या पुढ्यांतील खिचडीकडे एकवार निरखून पहावें अशी आमची नम्र विनंती आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची, हीं चारही मूळचीं अमेरिका खंडांतलीं. पोर्तुगीजांचीं गलबतें या किनाऱ्यास लागण्यापूर्वीं यांतला एकहि जिन्नस आपल्याकडे कोणाच्या दृष्टीस पडलेला नव्हता. या चौघां परदेशस्थांच्या पंक्तीस जिरें आणि तूप बसवून कोणा अनामिक गृहिणीनें तो मेळ जमविला, आणि आज त्याच मेळावर आपला उपास पार पडतो. तिच्या सासूनें त्या दिवशीं काय म्हटलें असेल याची आम्ही पुष्कळदां कल्पना करतों.

परंतु हा विषय आज काढण्याचें कारण निराळें आहे. २०२१ च्या एप्रिलांत करोनाची दुसरी लाट पुण्यावरून गेली तेव्हां ती आमच्याहि घरांत शिरली. आम्ही आठ दिवसांत उठून बसलों. आमच्या सौभाग्यवतींस तीन आठवडे लागले. पण त्याहि उठल्या. ज्वर गेला, श्वास सुधारला, डॉक्टरांनीं अभिनंदन केलें. मात्र त्यांचें नाक परत आलें नाहीं.

पहिले दोन-अडीच महिने त्यांस कशाचाच वास येत नसे. दूध करपलेलें कळत नसे, गॅसची कळ अर्धवट उघडी राहिली तर कळत नसे, आणि देवापुढें उदबत्ती लावली तर ती लागली कीं नाहीं हें त्या डोळ्यांनीं पाहून घेत. पुढें आषाढांत वास येऊं लागला, आणि तें पहिल्याहून वाईट झालें. कारण आलेला वास खोटा होता. कांदा परतूं लागावें तों त्यांस मेलेल्या उंदराचा वास येई. लसूण, कॉफी, भाजलेले शेंगदाणे, तुपांतलें जिरें, या सर्वांस तोच एक कुजका व जळका वास. वैद्यकांत या विकारास पॅरॉस्मिया असें नांव आहे. गंध ओळखणारे मज्जातंतु मोडून पुन्हां वाढूं लागले म्हणजे त्यांची जोडणी कांहीं काळ भलतीकडे होते, असें त्याचें एक स्पष्टीकरण देतात. स्पष्टीकरण समजल्यानें घांस खालीं उतरत नाहीं, हें सांगावयास नकोच.

ज्या बाईनें चाळीस वर्षें नुसत्या वासावरून तेल तापलें कीं नाहीं, हिंग खरा कीं भेसळीचा, आणि शेजारीं आज काय शिजतें आहे हें अचूक सांगितलें, ती फोडणीचा चर्र आवाज होतांच पदर नाकाला लावून गच्चीवर जाऊं लागली. चार महिन्यांत त्यांचें वजन नऊ किलोनें उतरलें. बांगड्या कोपरापर्यंत सरकूं लागल्या. ताटावर बसत, भाताचीं चार शितें चिवडीत आणि आमचें जेवण होईपर्यंत आमच्या तोंडाकडे पहात. एकदां म्हणाल्या, "अहो, भूक आहे हो मला. अन्नाचीच भीति वाटते." या वाक्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

स्वयंपाकघराचा ताबा अशा रीतीनें आमच्याकडे आला. चहा आणि पापड भाजणें येथवर आमची विद्या होती. सुदैवानें आमचा भाचा, वसतिगृह बंद असल्यामुळें, त्या दिवसांत आमच्याकडे मुक्कामास होता. त्याच्याबरोबर त्याची विजेची किटली आणि नूडल्सच्या पुडक्यांनीं भरलेली एक पिशवी अशी स्थावर-जंगम मिळकत होती. सौभाग्यवतींचें या पदार्थाविषयींचें मत सर्व नातलगांस ठाऊक होतें. त्या त्यांस गांडुळें म्हणत. एके दुपारीं भाचा म्हणाला, "मामी, मसाला नको, फोडणी नको. नुसत्या उकडतो, पहिलं पाणी ओतून देतो. लिंबू-मीठ लावून बघता का?" त्यांनीं बघितलें. वाटीभर गांडुळें त्यांनीं हळूहळू, एक-एक करून, संपविलीं. कित्येक आठवड्यांत त्यांनीं रिकामी केलेली ती पहिली वाटी.

विचार करूं गेल्यास यांत परकें असें फार थोडें आहे. आपल्या कुरडया तरी काय आहेत? गहूं तीन दिवस भिजवावे, वाटून त्यांचा चीक काढावा, तो शिजवून सोऱ्यानें कापडावर गोल घालावा आणि वैशाखाच्या उन्हांत खडखडीत वाळवावा. तळली म्हणजे ती पानाची शोभा होते. परंतु घाटावरच्या कित्येक घरांत पावसाळ्यांत भाजी मिळेनाशी झाली कीं तीच कुरडई पाण्यांत भिजवून कांदा-मिरचीवर परततात, आणि ती भाजी ज्यानें खाल्ली आहे त्याला नूडल्स पाहून आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. पिठाचा धागा वाळवून ठेवावा आणि अडीअडचणीस पाण्यानें पुन्हां जिवंत करावा, ही युक्ति आपल्या आज्यांस ठाऊक होतीच. जपान्यांनीं उन्हाच्या जागीं कढई वापरली.

या कढईची हकीकत मनोरंजक आहे, म्हणून थोडें विषयांतर करतों. मोमोफुकु आंदो या गृहस्थांची पतपेढी १९५७ सालीं बुडाली, तेव्हां त्यांचें वय सत्तेचाळीस होतें आणि ओसाकाजवळील इकेदा या गांवांतल्या राहत्या घरापलीकडे त्यांच्यापाशीं विशेष कांहीं उरलें नव्हतें. घरामागें एक खोपटें उभारून त्यांत ते शेवया टिकविण्याच्या खटपटीस लागले. असें सांगतात कीं, पत्नी तेंपुरा नांवाचीं भजीं तळीत असतां पिठांतून निघणाऱ्या बुडबुड्यांकडे त्यांचें लक्ष गेलें. तापल्या तेलांत पिठांतलें पाणी वाफ होऊन निघून जातें, मागें बारीक छिद्रें राहतात, आणि पुढें उकळतें पाणी ओतलें कीं तें त्याच छिद्रांनीं आंत शिरून शेवई क्षणांत मऊ करतें. २५ ऑगस्ट १९५८ रोजीं त्यांचीं पुडकीं विक्रीस आलीं, १९७१ मध्यें त्याच शेवया पेल्यांत बसल्या, आणि आज जगांत अशीं पुडकीं व पेले मिळून दरसाल शंभर अब्जांहून अधिक खपतात. त्या पहिल्या शेवयांच्या चकतीच्या माथ्यावर हल्लीं एक लहानसा खळगा ठेवलेला असतो. त्यांत अंडें फोडून घालावयाचें. आम्हांस हा खळगा फार आवडतो. आमचें काम येथें संपलें, पुढलें घरांतल्या माणसानें पहावें, अशी कारखानदारानें दिलेली ती कबुलीच होय.

आणि घरांतलीं माणसें तें पाहतात. आपल्याकडे १९८३ च्या सुमारास 'मॅगी' आली. तेव्हांपासून मटार, गाजर, उरलेली उसळ, किसलेलें चीज, कशाकशाचा तींत प्रवेश झाला याची गणती नाहीं. नेपाळांत तर पुडकें न शिजवितांच मुठीनें चुरून त्यांत कांदा, मिरची व लिंबू मिसळून भेळेप्रमाणें खातात. कोरियाची गोष्ट याहून गंभीर. तेथें १९५० ते १९५३ च्या युद्धानंतर अन्नाची टंचाई असतां अमेरिकन लष्करी तळांवरून बाहेर आलेलें डब्यांतलें मांस लोकांच्या हातीं लागे. तें त्यांनीं आपल्या आंबविलेल्या कोबीबरोबर आणि तिखटाबरोबर शिजविलें, आणि पुढें कोरड्या शेवयाहि त्याच भांड्यांत पडल्या. 'सैन्यतळाचें कालवण' असा त्याच्या नांवाचा अर्थ आहे. तें नांव अजून प्रचारांत आहे, आणि सेऊलच्या उत्तरेस उइजोंगबू येथें आज लोक तें खावयास मुद्दाम जातात.

आतां आमच्या घराकडे वळूं. नाक गेलें म्हणजे चव गेली असें आपण म्हणतों, तें अर्धेंच खरें आहे. गोड, आंबट, खारट, कडू हीं जिभेचीं कामें. तीं शाबूत होतीं. जिभेची पांचवी चव किकुनाए इकेदा या जपानी रसायनज्ञानें १९०८ सालीं समुद्रवनस्पतीच्या काढ्यांतून शोधून काढली व तिला 'उमामि' असें नांव दिलें. पिकल्या टोमॅटोंत आणि अळंब्यांत ती भरपूर असते. (शेवयांचें गांव इकेदा आणि या शास्त्रज्ञाचें आडनांवहि इकेदा. हा निव्वळ योगायोग होय. पण भाच्यास तें अखेरपर्यंत पटलें नाहीं.) मिरचीची आग, पुदिन्याचा गारवा, मोहरीचा झणका हीं तर चवहि नव्हेत आणि वासहि नव्हेत, चेहऱ्याचा एक स्वतंत्र मज्जातंतु तीं मेंदूकडे नेतो. शिवाय कुरकुरीत, लुसलुशीत, चिवट, थंड, ऊन हें सारें होतेंच. वाड्याचा दिंडीदरवाजा बंद झाला होता. परसाकडील दारें उघडीं होतीं. आणखी एक व्यवहारोपयोगी गोष्ट ध्यानांत आली. ऊन अन्नाचा वास उडतो, गार अन्नाचा फारसा उडत नाहीं. तेव्हां घरांत ऊन वाढणें बंद झालें, आणि अन्न निवूं नये म्हणून आयुष्यभर आम्हांस हांका मारून थकलेल्या सौभाग्यवती तें निवण्याची वाट पाहूं लागल्या.

पुढल्या दोन महिन्यांत आम्हीं आणि भाच्यानें मिळून जे पदार्थ सिद्ध केले त्यांस एरव्हीं कोणत्याहि पंक्तींत थारा मिळाला नसता. आमसुलाच्या गार आगळांत साखर घालून त्यांत सोडलेल्या नूडल्स, वर डाळिंबाचे दाणे. टोमॅटो उकडून, चाळणीनें गाळून, थंड केलेल्या रसांत नूडल्स व पुदिना. कच्चे शेंगदाणे रात्रभर भिजवून, कारण भाजलेले चालत नसत, त्यांबरोबर काकडी, लिंबू आणि नूडल्स. खातेवेळीं वरून चुरमुरे, म्हणजे दांतांस कांहीं काम मिळे. हा शेवटचा प्रकार आठवड्यांतून तीनदां होऊं लागला. शहाळ्याच्या पाण्यांतल्या नूडल्स मात्र त्यांनीं एका घांसानंतर आमच्याकडे सरकविल्या. आम्हांस त्या बऱ्या वाटल्या.

मध्यंतरीं एक प्रसंग घडला. आमची धाकटी बहीण समाचारास आली ती नेमकी जेवणाच्या वेळीं. सौभाग्यवतींच्या ताटलींतील गुलाबी शेवया पाहून ती दारांतच थबकली. "वहिनी, तुमच्या हातचं खाऊन आमचीं पोरं वाढलीं, आणि तुम्ही हें काय खाताय?" सौभाग्यवतींनीं ताटली पदराआड घेतली. हातांत भाकरी असतां चोरी पकडली जावी तसा त्यांचा चेहरा झाला. आजारी माणसाच्या ताटांत डोकावून शुद्धाशुद्ध ठरविणें हा कोणाचाच अधिकार नव्हे असें आमचें मत आहे, आणि तें आम्हीं त्या वेळीं पुरेशा मोठ्या आवाजांत मांडलें. बहीण कांहीं बोलली नाहीं. चहा न घेतां गेली. परंतु रात्रीं तिचा फोन आला. "दादा, आईचं केळ्याचं रायतं आठवतंय? त्यांतली मोहरी? ती नाकाला नाहीं, थेट कपाळाला लागायची. ती देऊन बघितलीस का वहिनींना?"

फोडणीची मोहरी आणि फेसलेली मोहरी या एकाच घरच्या दोन बहिणी असल्या तरी स्वभाव अगदीं निराळे. तेलांत तडतडली कीं मोहरी निवळते. तिचा झणका ज्या द्रव्याच्या क्रियेनें उत्पन्न होतो तें उष्णतेनें निकामी होतें. तीच मोहरी कच्ची कुटून थोड्या गार पाण्यांत फेसावी आणि दहा मिनिटें झांकून ठेवावी, म्हणजे ती अशी चढते कीं खाणारास ब्रह्मांड आठवावें. जपानी लोक गार सोबा शेवयांबरोबर वासाबी नांवाची हिरवी चटणी खातात. तिच्यांतील झणका आणि आपल्या मोहरींतील झणका रसायनदृष्ट्या एकच आहे. म्हणजे गार शेवया आणि हा झणका यांची सोयरीक तिकडे पूर्वींच जुळलेली होती. आमच्या घरीं ती आमच्या आईच्या रायत्यामार्फत जुळली.

दह्यांत मीठ, साखर व फेसलेली मोहरी. त्यांत गार नूडल्स, काकडीच्या बारीक फोडी, वर चुरमुरे. सौभाग्यवतींनीं पहिला घांस घेतला. क्षणभर कांहींच झालें नाहीं. मग त्यांनीं डोळे मिटले, मान मागें टाकली, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें. आम्हीं घाईनें पाण्याचा पेला पुढें केला. तो त्यांनीं हातानें दूर सारला. "नाकांत गेलं," त्या म्हणाल्या. "अहो, नाकांत गेलं!" अर्ध्या वर्षांत त्यांच्या नाकाशीं प्रथमच कांहीं खरें बोललें होतें. तो वास नव्हे हें आम्हांस ठाऊक होतें, आणि त्यांसहि तें ठाऊक असावें. पण तें त्या दिवशीं कोणीं उच्चारलें नाहीं. त्यांनीं आणखी वाढून घेतलें, आणि पुनः रडल्या, आणि भाच्याकडे पाहून हंसल्या.

त्याच आठवड्यांत त्यांनीं डॉक्टरांनीं पूर्वीं सांगितलेला व कंटाळून सोडून दिलेला उपाय पुनः हातीं घेतला. ड्रेस्डेन येथील संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेली ही रीत अगदीं साधी आहे: गुलाब, लिंबू, निलगिरी आणि लवंग असे चार वास सकाळ-संध्याकाळ नाकाशीं धरावयाचे व हा वास कसा असतो तें मनांत आठवावयाचें. महिनेच्या महिने हें करणारास धीर लागतो. सौभाग्यवती चार बाटल्या ओळीनें मांडून जप करावा तशा बसत. माघांत एके सकाळीं त्यांनीं लवंगेची बाटली आमच्या हातीं दिली आणि विचारलें, "ही लवंगच ना?" ती लवंगच होती.

स्वयंपाकघर त्यांनीं त्यानंतर परत घेतलें. नाक अजून विश्वासाचें नव्हतें, तेव्हां नाकाला रुमाल बांधून त्या फोडणी करूं लागल्या, आणि ती निव्वळ कानांनीं. तेल किती तापलें तें एक मोहरी टाकून ऐकत. तडतड दाट झाली कीं झाकण, विरळ झाली कीं हिंग, थांबली कीं हळद. आम्ही मदतीस शेजारीं उभे राहिलों तर, "तुम्ही बोलूं नका, मला ऐकूं येत नाहीं," म्हणून बाहेर घालवीत. त्या काळांतली आमटी पूर्वीच्या आमटीहून रतिभरहि कमी नव्हती. ती स्वतः त्या गार करून, अर्धी वाटी, श्वास रोखून घेत.

आज त्या गोष्टीस काहीं वर्षें झालीं. जिरें परत आलें, कॉफी परत आली, उदबत्तीहि आली; कांदा मात्र त्यांस अद्याप पूर्वींचा कांदा वाटत नाहीं, आणि लसूण घरांत जपूनच येतो. वजन बहुतेक भरून आलें. नूडल्सचें रायतें मात्र गेलें नाहीं. महिन्यांतून दोन-तीनदां तें होतें, आणि आतां तें सौभाग्यवती स्वतः करतात. आमचा हात जड असून आम्ही साखर फार घालतों असें त्यांचें मत पडल्यामुळें त्या कामांतून आमची मुक्तता झालेली आहे. मागील महिन्यांत बहीण आली होती. तिनें दोन वाट्या खाल्ल्या, नाक पुसलें, आणि जातांना कृति लिहून नेली. नूडल्स हा शब्द लिहिणें तिच्या हातून झालें नाहीं. कागदावर तिनें 'शेवया, पिवळ्या पुडक्यांतील' असें लिहिलें.